आधी बॉन्ड, मग परंपरा

परंपरा जुनी व्हायला किती वर्षं लागतात? मेक्सिकोच्या राजधानीत हे काम एका वर्षात उरकलं.

२०१५ चा ‘स्पेक्टर’ आठवा. पडदा उजळतो तोच मेक्सिको सिटीत ‘मृतांच्या दिवसा’ची अजस्र मिरवणूक. राक्षसी सांगाडे, चेहऱ्यावर कवट्या रंगवलेली गर्दी, आणि त्या गर्दीत अंगावर हाडांची नक्षी, तोंडावर कवटीचा मुखवटा चढवून साक्षात जेम्स बॉन्ड, सोबत एक बाई. कॅमेरा त्यांच्या मागोमाग हॉटेलात शिरतो, लिफ्टने वर जातो, खोलीत पोचतो. बाई पलंगावर वाट बघत बसते आणि साहेब खिडकीतून थेट गच्चीच्या कठड्यावर! सगळं जणू एका दमात. डोळ्यांचं पारणं फिटतं. अडचण एवढीच, की अशी मिरवणूक त्या शहरात निघतच नव्हती.

तिथल्या माणसांचा हा सण घरातला आणि दफनभूमीतला. १ आणि २ नोव्हेंबरला गेलेली माणसं भेटायला येतात. मग त्यांचे फोटो मांडायचे, आवडीचं खाणंपिणं ठेवायचं, कबरीपाशी मेणबत्त्या लावून रात्र जागवायची. पाहुणे वाट चुकू नयेत म्हणून झेंडूच्या पाकळ्या पसरायच्या. (आपण दसऱ्याला दारावर बांधतो तो झेंडूही मूळचा तिथलाच.) थोडक्यात पितृपक्षच, फक्त कावळ्याची मनधरणी नाही. २००८ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं ते हे.

पण सिनेमा जगभर गेला आणि पर्यटनवाल्यांना घाम फुटला. पाहुणे तिकीट काढून येणार, विचारणार, “मिरवणूक कुठाय?” “ते सिनेमातलं हो,” असं सांगायचं कोणी? २९ ऑक्टोबर २०१६ ला मिरवणूक निघाली. खरीखुरी, सांगाड्यांसकट. सिनेमामुळे लोकांच्या अपेक्षा वाढल्या होत्या, हे अधिकाऱ्यांनी लपवलंही नाही.

सिनेमासाठी पैसेही त्यांनीच देऊ केले होते म्हणे. सोनी कंपनीचे ईमेल चोरीला गेले, त्यातून बातम्या आल्या की देशाची छबी चांगली दिसावी म्हणून २ कोटी डॉलरपर्यंतच्या सवलती देऊ केल्या होत्या. अटी मुलीच्या बापाने घालाव्यात तशा: खलनायक मेक्सिकन नको, नटी मात्र मेक्सिकन हवी, आणि आधुनिक इमारती आकाशातून नीट दिसू देत. पडद्यावर खलनायक इटालियन निघाला, नटी मेक्सिकन मिळाली. इमारतींचं म्हणाल, तर बॉन्डच्या गोळीबारापायी एक अख्खी इमारत कोसळली, आणि उरलेलं शहर हॉलिवूडच्या नेहमीच्या पिवळट धुळीत बुडालं. गरीब देश म्हटला की यांच्या कॅमेऱ्याला कावीळ होते, त्यावर अनुदानाचा उतारा चालत नाही.

आपल्याकडे हा सिनेमा आला तेव्हा सेन्सॉरने बॉन्डची चुंबनं निम्मी केली. इमारत पूर्ण पडू दिली.

तरी मेक्सिकोवाले व्यवहारी म्हणायचे. १९९९ च्या ‘एन्ट्रॅपमेंट’मध्ये क्वालालंपूरच्या पेट्रोनास मनोऱ्यांच्या पायथ्याशी मलाक्काच्या नदीकाठची मोडकी घरं आणून चिकटवली होती. दुसरंच शहर ते! पंतप्रधान महाथीर संतापले, जाहीर बोलले. झालं काय? मनोरे तिथेच, झोपड्याही तिथेच, सिनेमा आजही तसाच. मेक्सिकोने त्यापेक्षा सोपा मार्ग धरला: सिनेमा बदलत नसेल, तर शहर बदला.

‘स्पेक्टर’मध्ये मेक्सिको सिटीतल्या सोकालो चौकावर बॉन्ड आणि खलनायक घिरट्या घालणाऱ्या हेलिकॉप्टरमध्ये हाणामारी करतात आणि खाली लोक जीव मुठीत धरून पळतात. परंपरेत तेवढं हेलिकॉप्टर अजून आलेलं नाही.