डबल टेप खरवडणाऱ्या कारागिरास खुलं पत्र

नमस्कार.

पत्राच्या सुरुवातीला ‘सप्रेम’ लिहायची रीत आहे. ती मी मुद्दाम मोडतो आहे, कारण आमच्या गाडीची डावी बाजू पाहिल्यावर तेवढं प्रेम उरलेलं नाही.

दारांवरचं बीडिंग एका टोकाला सुटलं होतं. पावसाळ्यात त्याच्यामागे चिखल साचायचा, म्हणून ते काढायचं होतं. तुम्ही ते टोक मुठीत धरलंत आणि सकाळच्या गार पत्र्यावरून एका हिसक्यात ओढलंत. बीडिंग हातात आलं. त्यामागची फोमची टेप मात्र मधोमध फाटली आणि तिचा काळा पट्टा दारांवर तसाच राहिला. मग तुमच्या खिशातून कटर निघाला. “पाच मिनिटांत साफ करून देतो,” म्हणालात आणि शब्द पाळलात. पाच मिनिटांत टेप गेली, रंगही गेला.

जाब विचारल्यावर तुम्ही टेपला दोष दिलात. टेपचा यात काडीचाही दोष नाही. बीडिंगमागची ती टेप ॲक्रिलिक फोमची असते. चिकटवल्यावर तिची पूर्ण पकड बसायला साधारण 72 तास लागतात आणि मग ती ऊन, पाऊस, धुलाई सगळं सोसते. तिचा स्वभावच असा की तापली की ढिली पडते, हळू ओढली की ताणली जाते, आणि गार असताना झटका दिला की मधूनच तुटते. रोज हीच टेप लावून पोट भरणाऱ्या माणसाला तिचा हा स्वभाव माहीत नसणं मला पटत नाही. तुम्हाला तो माहीत होता. तुम्हाला थांबायचं नव्हतं, एवढंच.

तुमच्या कटरखाली काय होतं तेही सांगतो. गाडीच्या रंगावर सगळ्यात वर पारदर्शक क्लिअर कोट असतो. त्याची जाडी साधारण 40 ते 50 मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसापेक्षाही कमी. चकाकी त्याचीच आणि उन्हापासून खालच्या रंगाचं रक्षणही त्याचंच. पॉलिश मारणं म्हणजे याच थरातले काही मायक्रॉन घासून काढणं. त्यामुळे ‘पॉलिश मारलं की दिसणार नाही’ हे तुमचं आश्वासन वरवरच्या ओरखड्याला लागू पडतं. कटरचं टोक जिथे प्रायमरपर्यंत पोचलंय, तिथे घासायला काही शिल्लकच नाही. पुढच्या दारावर दोन ठिकाणी तर पत्रा दिसतोय. उघड्या पत्र्याला गंज धरायला आपल्याकडचा एक पावसाळा पुरतो.

पण मला सगळ्यात जास्त चीड आली ती थिनरची. मागचं दार पूर्वी एकदा रंगवलेलं आहे, हे तुम्हाला आधीच सांगितलं होतं. कारखान्यात रंग चढतो तेव्हा नुसती बॉडी भट्टीत जाते आणि क्लिअर कोट साधारण 140 अंश सेल्सिअसला भाजून पक्का होतो. गॅरेजमध्ये पूर्ण जोडलेली गाडी इतकी तापवता येत नाही, कारण आत वायरिंग असतं, प्लॅस्टिक असतं. म्हणून दुरुस्तीचा रंग कमी उष्णतेवर किंवा नुसत्या हवेवर वाळतो आणि तीव्र थिनरपुढे फार लवकर हार मानतो. तुम्ही थिनरने भिजलेली चिंधी त्या दारावर दाबून धरलीत. रंग मऊ पडून चिंधीला लागला, ते दिसत असूनही घासत राहिलात. त्या वेळी हात थांबवायला कुठलंच शास्त्र लागत नव्हतं, डोळे पुरेसे होते.

हातात कटर घ्यायची ही सवय बहुधा काचेवरून आली असावी. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2012 मध्ये गाड्यांच्या काचांवरच्या काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हा गावोगावच्या दुकानांसमोर फिल्म आणि तिचा गोंद खरवडण्याचं काम जोरात चाललं होतं. काच कठीण असते, साबणाचं पाणी लावून तिरकं धरलेलं पातं ती सोसते. (तिथेही मागच्या काचेवरच्या डिफॉगरच्या तारा कितीतरी जणांनी उखडल्याच.) रंग म्हणजे काच नव्हे.

हे काम व्यवस्थित करायला काय लागतं? एक हेअर ड्रायर आणि अर्धा-पाऊण तास. पत्रा हाताला सोसेल इतपत गरम करायचा, बीडिंगमागे मासेमारीची नायलॉन दोरी घालून करवतीसारखी मागे-पुढे ओढायची, म्हणजे फोम कापला जातो आणि बीडिंग अलगद सुटतं. उरलेला पट्टा पुन्हा शेकायचा आणि अंगठ्याने लाटत न्यायचा, त्याच्या गोळ्या होऊन तो निघतो. चिवट असेल तर ड्रिलला लावायचं रबराचं चाक मिळतं. मात्र ते कमी वेगाने फिरवायचं आणि एका जागी थांबवायचं नाही, नाहीतर रंग जळतो. शेवटचा चिकट पापुद्रा आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंवा डांबराचे डाग काढायच्या द्रावणाने जातो, पण आधी दाराच्या आतल्या कडेला लावून पाहायचं. मग साबणाने धुवायचं आणि वॅक्स लावायचं. बीडिंगखालचा रंग उन्हापासून वाचलेला असल्यामुळे जुन्या गाडीवर त्याची गडद रेघ कधी कधी उरते. तेवढी रेघ मी तक्रार न करता पत्करली असती.

या सामानातलं काहीही तुमच्या दुकानाला न परवडणारं नाही. तुम्ही वेळ वाचवलात तो तुमचा, आणि त्याचं बिल आलं ते आमच्या दोन दारांच्या रंगकामाचं. ते तुम्ही भरावं, ही माझी मागणी आहे, आणि ती मी सोडणार नाही. हे पत्र उघडपणे लिहिण्याचं कारण दुसरंच: उद्या तुमच्याकडे दुसऱ्या कोणाची तरी गाडी येणार आहे. त्या माणसाने कदाचित वर्षानुवर्षे हप्ते भरून ती घेतलेली असेल.

वाचकहो, बीडिंग, रेन व्हायझर किंवा मागचं नाव काढायला गाडी देणार असाल, तर आधी विचारा, पत्रा कशाने तापवणार? उत्तर मिळालं नाही आणि हातात कटर दिसला, तर चावी परत घ्या.