ओपन फाइल मिळणार नाही

तालुक्याच्या गावी झेरॉक्सच्या शेजारी ज्यांचं फ्लेक्स नि पत्रिकांचं दुकान असतं, त्या भाऊंना कुणी चोर म्हणत नाही, आणि ते योग्यच आहे. कॉपीराइटचा इतका कडवा कैवारी दुसरा सापडणार नाही. तो हक्क सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यालाही असतो, एवढंच त्यांना मान्य नाही. पुरावा त्यांच्याच संगणकात आहे. डिझाइनचं सॉफ्टवेअर कोरलड्रॉ ‘क्रॅक’वालं, नेट तोडून आणि अँटिव्हायरस बंद करून चढवलेलं, अपडेटची खिडकी उघडली तरी भाऊ दचकतात. पण त्याच कोरलमधली लग्नपत्रिका व्हॉट्सॲपवर मंजुरीला जाते, तेव्हा वधूवरांच्या नावांवर दुकानाचं नाव नि मोबाइल नंबर तिरपा पसरलेला असतो. ॲडव्हान्स आला की तो पुसला जातो. छपाई दुसरीकडे करायची म्हटलं, तर अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे मजकूर बदलता न येणारी पीडीएफ हातात पडते. मुहूर्त बदलला की पुन्हा भाऊंचीच पायरी. इतकं चोख कुलूप कोरलवाल्यांनाही जमलेलं नाही.

परवडत नाही हो, असं भाऊंच्या बाजूने म्हणता येईल. पण कोरलचंच काम करणारं इंकस्केप फुकट आहे, कायदेशीर आहे, आणि भाऊ त्याला हात लावत नाहीत, कारण हात कोरलवर बसलाय. ही सवयीची किंमत कंपन्यांनाही कळते. चिनी लोक चोरणारच असतील तर त्यांनी आमचंच चोरावं, चटक लागली की वसुलीचं पुढे पाहू, अशा अर्थाचं मायक्रोसॉफ्टचे बिल गेट्स १९९८ मध्ये उघडपणे बोलले होते. त्या हिशेबाने भाऊ म्हणजे उधारीवरचं गिऱ्हाईक. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: पैसे मोजूनही सॉफ्टवेअर आपलं होत नाही, मिळतो तो वापरायचा परवाना. भाऊंची ही तक्रार रास्त आहे. मात्र वधूपित्याने ओपन फाइल, म्हणजे बदल करता येणारी मूळ फाइल, मागितली की तेच ऐकवतात, “काका, तुम्ही छपाईचे पैसे दिलेत, डिझाइनचे नाही.” परवान्याचं तत्त्व याहून सोप्या मराठीत कुठल्या वकिलाने सांगितलं असेल?

१९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्रॅमची गणना साहित्यकृतीत होते. बेकायदा प्रत जाणूनबुजून धंद्यासाठी वापरली, तर कलम ६३-बनुसार सात दिवसांपासून तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. हे कलम भाऊंना वाचून दाखवलं, तर ते लक्षपूर्वक ऐकतात, माऊस बाजूला ठेवतात आणि विचारतात, समोरच्या दुकानदाराने आपला वाढदिवसाचा बॅनर जसाच्या तसा उचललाय, त्याला हे लावता येईल का?