साहेब, दर्जा कुठून मागवायचा?

मा. साहेबांस, स.न.वि.वि.

संस्थेच्या कमानीवर ‘आंतरराष्ट्रीय’ हा शब्द रंगवून झाला आहे, आता त्याला शोभेल असा एखादा कागद बघा, हा आपला निरोप मिळाला. मागणी रास्त आहे. आधी कमान, मग मान्यता, मग इमारत आणि उरलेच पैसे तर प्राध्यापक, याच क्रमाने आपण तालुक्यात ज्ञानगंगा आणली.

देशी कागदाचे आता काही खरे नाही. कॉलेजांना श्रेणी देणाऱ्या नॅकची टीम येणार म्हटल्यावर आपल्याकडे काय उत्साह असायचा! भिंतींना रंग, दारात रांगोळी, शेजारच्या कॉलेजातून टेंपोने आणलेली पुस्तके. तासिका तत्त्वावरचे मास्तर पाच वर्षांच्या पालकसभांची इतिवृत्ते एका रात्रीत, एकाच पेनाने लिहून काढायचे. पण 2025 च्या फेब्रुवारीत गुंटूरकडच्या एका संस्थेच्या तपासणीवरून सीबीआयने समितीच्या अध्यक्षांसह दहा जणांना अटक केली. ‘ए प्लस प्लस’ श्रेणीसाठी लाच दिली-घेतली, असा आरोप. जप्तीत सुमारे 37 लाख रोख, सहा लॅपटॉप आणि एक आयफोन. खटल्याचे व्हायचे ते होवो. पण सहा चालू लॅपटॉप एका जागी आपल्या कॉम्प्युटर लॅबमध्ये तरी कुणी पाहिले होते का? शाल-श्रीफळाचा जमाना गेला, साहेब. खर्च परवडणार नाही.

तेव्हा परदेश. तिथे नियम कडक असतील ही भीती आधी काढून टाका. युनेस्को आणि ओईसीडी यांनी 2005 मध्ये सीमेपलीकडच्या उच्च शिक्षणाच्या दर्जासाठी मार्गदर्शक तत्त्वे काढली. सरकारे, शिक्षणसंस्था, विद्यार्थी संघटना, मूल्यांकन संस्था, पदव्यांना मान्यता देणारी मंडळे आणि व्यावसायिक संघटना अशा सहा घटकांना त्यात सल्ला आहे. तो ऐकण्याचे बंधन कुणावरही नाही. विद्यार्थ्याला गाठून, घरच्यांना पटवून, व्हिसापर्यंत सगळे जमवून देणारा एजंट त्या सहांत नाहीच. धंदा ज्याच्या जिवावर चालतो त्याचे पानच मांडलेले नाही.

सर्वांत सोपी वाट कराचीची. तिथल्या ॲक्झॅक्ट नावाच्या कंपनीने शेकडो वेबसाइटींवर विद्यापीठे उभी केल्याचे 2015 मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने छापले. त्या विद्यापीठांना मान्यता देणाऱ्या मूल्यांकन संस्थाही तिच्याच. 2013 आणि 2014 या दोन वर्षांत एकट्या ब्रिटनमधल्या गिऱ्हाइकांना तीन हजारांवर प्रमाणपत्रे विकली गेल्याचे बीबीसीने पुढे शोधून काढले. व्यवस्थेतली काटकसर मला फार आवडली. परीक्षा देणारा, घेणारा आणि दोघांवर लक्ष ठेवणारा एकाच मजल्यावर बसत असेल तर टपालखर्चसुद्धा वाचतो. पण आपल्याला प्रतिष्ठा हवी आहे, आणि कराचीहून आणली म्हटल्यावर विरोधी पॅनेल पुढच्या निवडणुकीत आपल्याला सोडणार नाही.

मग जुने, खानदानी नाव भाड्याने घ्यावे. वेल्स विद्यापीठाने ही सोय केली होती. 1893 सालचे घराणे. अखेरच्या काळात जगभरच्या सव्वाशेच्या वर कॉलेजांना ते आपल्या नावाची पदवी लावू देत असे: शिकवायचे तुम्ही, शिक्का आमचा. कार्डिफमध्ये बसून क्वालालंपूरचा वर्ग दिसत नाही, ही अडचण कुणाला फारशी वाटली नसावी. 2010 मध्ये बीबीसी वेल्सने पाहिले, तर मलेशियातले एक कॉलेज एक पॉप गायक चालवत होता आणि त्याची स्वतःची डॉक्टरेट बोगस होती. मूल्यांकन करणाऱ्यांनी सगळे तपासले असेल, फक्त संचालक सोडून. यात नवल काय? आपल्याकडच्या किती समित्यांनी आपली पदवी मागितली, साहेब? (माफ करा, ओघात लिहून गेलो.) ऑक्टोबर 2011 मध्ये विद्यापीठाने हा सगळा कारभारच गुंडाळायचे ठरवले. घराणे बुडाले, म्हणून तीही वाट बंद.

क्रमवारीचा विचार केलात तर तोही चांगला. यूजीसीच्या 2023 च्या नियमांनुसार परदेशी विद्यापीठाला भारतात कॅम्पस काढायचा तर जागतिक क्रमवारीत पहिल्या पाचशेत असणे ही मुख्य वाट. 2025 च्या जूनमध्ये ॲबरडीन, यॉर्क वगैरे पाच संस्थांना नवी मुंबईसाठी इरादापत्रे मिळाली, म्हणजे स्पर्धा दारात येऊन उभी आहे. क्रमवारी लावणाऱ्या खाजगी कंपन्याच विद्यापीठांना सल्ला, जाहिराती आणि परिसंवादही विकतात. कॅलिफोर्नियाच्या बर्कलीतल्या एका संशोधकाने 2021 मध्ये 22 रशियन विद्यापीठांचा हिशेब मांडला. अशा एका कंपनीशी ज्यांची वारंवार कंत्राटे झाली, ती तिच्या यादीत सुमारे 140 पायऱ्या वर गेलेली दिसली, आणि संस्थेच्या दर्जातल्या बदलाने ही चढाई समजावता येत नव्हती. कंपनीने इन्कार केला. इन्कार करायचाच असतो, आपणही करतो. अडचण एवढीच, की दर डॉलरमध्ये आहेत.

उरली अमेरिका. तिथे मूल्यांकन खाजगी संस्था करतात, त्या संस्थांवर शिक्षण खात्याची नजर असते, आणि त्या संस्थांचा खर्च तपासून घेणाऱ्या कॉलेजांच्या वर्गणीतून चालतो. नवरी मुलगीच परीक्षकांना मानधन देते म्हटल्यावर सौंदर्यस्पर्धेचा निकाल सांगायला नको. एसीआयसीएस नावाच्या अशा एका संस्थेची सरकारी मान्यता ओबामांच्या काळात, 2016 मध्ये गेली, ट्रम्प यांच्या काळात 2018 मध्ये परत आली आणि बायडन यांच्या काळात 2022 मध्ये पुन्हा गेली. मधल्या काळात, 2020 मध्ये, यूएसए टुडेचे पत्रकार साउथ डकोटातल्या रेगन नॅशनल युनिव्हर्सिटीत पोहोचले. त्यांना ना विद्यार्थी सापडले ना शिक्षक. एसीआयसीएसची मान्यता मात्र होती. साहेब, आपण उगाच इतकी वर्षे हजेरीपट भरत बसलो.

पण खरा कळस मिशिगनमध्ये आहे. डेट्रॉइटजवळ फार्मिंग्टन युनिव्हर्सिटी होती. वेबसाइट, बोधचिन्ह, लॅटिन ब्रीदवाक्य, आणि एका मान्यवर मूल्यांकन संस्थेच्या यादीत नाव. तास नव्हते, प्राध्यापक नव्हते. विद्यापीठ काढले होते अमेरिकेच्या आयसीई या स्थलांतर कायदे राबवणाऱ्या सरकारी यंत्रणेने, आणि कार्यालयात बसलेली मंडळी तिचे गुप्त अधिकारी होती. व्हिसाच्या गैरवापरात मदत करणारे दलाल आणि ती घेणारे विद्यार्थी पकडायचे म्हणून हा सापळा. सरकारच्या विनंतीवरून नाव यादीत गेले. विद्यार्थी जी यादी बघून विद्यापीठ खरे की खोटे ठरवतात, तीच ही यादी. 2019 च्या जानेवारीत पहिल्या फेरीत 130 विद्यार्थी धरले गेले, एक सोडून सगळे भारतीय. बरेचसे तेलुगू घरांतले, कर्ज काढून गेलेले. भारताने अमेरिकी वकिलातीकडे निषेधपत्र धाडले. विद्यार्थ्यांना सगळे ठाऊक होते, असे अमेरिकी सरकार म्हणते. असेलही. पण ज्याने यादी तपासूनच प्रवेश घेतला, त्याने आणखी काय तपासायला हवे होते, याचे उत्तर त्या 2005 च्या पुस्तिकेत नाही.

फीचे काय झाले ते आपल्या कामाचे आहे, म्हणून सांगतो. एका विद्यार्थ्याने साडेबारा हजार डॉलर भरले होते. शिकवलेच नाही तर पैसे परत द्या, असा दावा त्याने अमेरिकी सरकारवर लावला. सरकारच्या वकिलांचे म्हणणे, आम्ही सार्वभौम सत्ता या नात्याने हे केले, करारभंगाचा दावा आमच्यावर चालत नाही. खालच्या कोर्टाला ते पटले. 2024 मध्ये अपील कोर्टाने ते फिरवले आणि दावा चालू शकतो म्हणून सांगितले.

आपली सत्ता तालुक्यापुरती, साहेब, तेव्हा सार्वभौमत्वाचा मुद्दा आपल्या वकिलाला लढवता येणार नाही. कागद कुठूनही मागवा, यंदापासून फी रोखीतच घ्यावी आणि पावतीपुस्तक माझ्याकडे पाठवून द्यावे.

आपला आज्ञाधारक,
मानद सल्लागार (आंतरराष्ट्रीय)