माळकरी घरातला व्हॅनिला

मंगरूळपीरचं पोरगं अमेरिकेत स्थिरावलं की एखाद्या हिवाळ्यात मेक्सिकोला जातंच, आणि पुढच्या दिवाळीला गावाकडे ‘खरा मेक्सिकन व्हॅनिला’ पोचतो. बाटली लिटरची, किंमत मातीमोल. तिकडे व्हेराक्रूझमधल्या पापान्तलाला शेंग वेलीवर पिकायला नऊ महिने लागतात. मग ती उन्हात तापवायची, गुंडाळून घामेजवायची, असं पुढे कित्येक आठवडे. एवढ्या मेहनतीचा अर्क लिटरच्या मापाने जवळजवळ फुकट वाटणारा दुकानदार एकतर संत असावा, नाहीतर बाटलीत टोंका बियांचं कुमारिन असावं. अमेरिकेने ते १९५४ सालीच अन्नातून हद्दपार केलं. पण एवढ्या लांबून आणलेल्या वस्तूला असले प्रश्न विचारायची आपल्यात रीत नाही.

बाटली अस्सल निघाली तर पंचाईत वेगळीच. अमेरिकी नियमाने व्हॅनिला अर्कात निदान ३५ टक्के अल्कोहोल हवं. म्हणजे नागपूरला विमानातून उतरलेला भाचा समृद्धी महामार्गाने दारूबंदीचा वर्धा जिल्हा पार करतो, शेलूबाजारला खाली उतरतो आणि तो ऐवज थेट माळकरी मावशीच्या हाती ठेवतो. मावशी भाच्यादेखत दोन थेंब बासुंदीत टाकते, ‘मस्त वास आहे रे बाप्पा’ म्हणते, आणि त्याची पाठ वळली की जायफळ किसायला घेते. बाटली जाते शोकेसमध्ये, लेबल पाहुण्यांकडे करून.