परंपरा तुमची, कढई आमची

नाताळ जवळ आला की वसईत घराघरांवर चांदण्या चढतात आणि विमानतळावर नातेवाईक उतरतात. चांदण्यांना नुसती वीज लागते. नातेवाइकांना परंपरा लागते.

आमचे दीर टोरांटोला असतात. वर्षाचे अकरा महिने ते काय खातात, याची मी कधी चौकशी केलेली नाही. पण डिसेंबर लागला की त्यांच्यातला वसईकर जागा होतो आणि आमच्या रात्री अडीच वाजता, म्हणजे त्यांच्या दुपारी चारला, फॅमिली ग्रुपवर फर्मान सुटतं: ‘वहिनी, खास काही करू नका. फक्त आपलं अस्सल.’

अस्सल म्हणजे काय, ते पुढच्या मेसेजांतून कळत जातं. इंदेलचा, म्हणजे डुकराच्या रश्श्याचा, मसाला पाट्यावर वाटलेला. मटणाला बॉटल मसाला, तोही बिअरच्या बाटलीत ठासून ठेवलेला, डब्यातला चालणार नाही. नारळ विळीवर खवून काढलेलं दूध. फुग्यांचं, म्हणजे आमच्या तळलेल्या गोल पावांचं, पीठ ताडीत भिजवलेलं, यीस्टचं नाव काढायचं नाही. आता बॉटल मसाला कांडतात उन्हाळ्यात. तेव्हा मुसळ धरायला टोरांटोहून कुणी आल्याचं मला आठवत नाही. ताडीचं म्हणाल, तर झाडावर चढणारा आमचा माणूस गुडघ्यामुळे जमिनीवर स्थिरावलाय आणि त्याचा मुलगा गल्फमध्ये एसी दुरुस्त करतो. तोही डिसेंबरात घरी फोन करून ताडीचेच फुगे मागत असणार.

अस्सलपणाच्या मुळाशी जायचं म्हटलं तर भलतीच पंचाईत होते. मिरची अमेरिका खंडातली, ती पोर्तुगीजांनी आणली. नाताळच्या ताटातल्या सोरपोतेलचं मूळ पोर्तुगालच्या आलेंतेजू भागात. 1739 साली चिमाजी अप्पांनी वसईचा किल्ला जिंकला, पोर्तुगीज गेले. स्वयंपाकघर जिंकायचं तेवढं राहून गेलं. म्हणजे आमची परंपराही मुळात फॉरेन रिटर्नच. हे मी ग्रुपवर लिहिलं. दीरांनी हात जोडलेली इमोजी टाकली आणि खाली लिहिलं, ‘सोरपोतेल दोन दिवस आधी करा वहिनी, मुरायला हवं.’ (हे खरं आहे, म्हणून जास्त राग येतो.)

मग पथ्यांचे जाहीरनामे. मोठी पुतणी व्हीगन झालीये. तिला इंदेल हवंच, फक्त त्यातलं डुक्कर वगळून. धाकट्याला मैदा वर्ज्य, पण एखादा फुगा चालतो. तो एखादा कितीदा येतो, ते मोजू नये. बोरिवलीची नणंद केटोवर आहे, म्हणजे पावाला शिवत नाही आणि केक सोडत नाही. टोरांटोची मंडळी दोन विमानं बदलूनही हसत येतात. नणंद विरार लोकलने आली की उंबऱ्यातच बसकण मारते आणि तिच्या गर्दीची कथा संपेपर्यंत गॅसवरच्या भांड्याकडे बघायची सोय नसते. समोरच्या काकूंना दिवाळीच्या फराळाची परतफेड म्हणून केक न्यावा, तर त्या दारातच विचारतात, ‘एगलेस आहे ना?’

पुरुषमंडळी काहीच करत नाहीत, असं म्हटलं तर पाप लागेल. ती नाताळगोठा करतात. यंदा त्यात मोटर बसवून धबधबा सोडला. नेमकं त्या सकाळी नळाला पाणी नव्हतं. टँकरचं विकतचं पाणी बाळ येशूच्या पायाशी खळाळत होतं आणि मी भांडी ओल्या फडक्याने पुसून घेत होते. देखावा छान झाल्याचं सगळ्यांनी मला येऊन सांगितलं.

पंचवीसला दुपारी टेबल मांडलं. दीरांनी आधी फोटो काढले, मग टोरांटोच्या मित्रांसाठी व्हिडिओ केला. त्यात ‘ही आमच्या आईच्या हातची चव’ असं निवेदन होतं. आईचा हात त्या वेळी टीव्हीच्या रिमोटवर होता. फुगे यीस्टचे आहेत आणि नारळाचं दूध पुड्यातल्या पावडरीचं, हे मी सगळ्यांदेखत सांगितलं. ‘वहिनी पहिल्यापासूनच विनोदी,’ दीर म्हणाले आणि त्यांनी आणखी दोन फुगे उचलले.

तेवढ्यात सासूबाईंनी ताट पुढे सरकवलं. ‘जन्मभर हेच रांधलं नि हेच खाल्लं. त्या नाक्यावरच्या चायनीजवाल्याकडून नूडल्स मागवा माझ्यासाठी.’

‘अगं आई, आपली परंपरा!’

‘ती तू खा.’

मी दोन प्लेट मागवल्या, एक त्यांना, एक मला. माझ्यातली अर्धी दीरांनी संपवली आणि शेजवान चटणी आता पूर्वीसारखी अस्सल राहिली नाही, म्हणाले.