मार्गदर्शिका

निवृत्त झाल्यावर लोक चारधामला जातात. मी समोरच्या फ्लॅटमध्ये मार्गदर्शन करायला गेलो.

समोरच्या ताईंचा मुलगा आठ वर्षांचा, स्वमग्न. दोन रात्री मोबाइलवर डोळे फोडून मी दोनशे पानी वहीत नाशिकमधल्या यच्चयावत संस्था उतरवल्या, वर लाल शाईने 'मार्गदर्शिका' लिहिलं आणि सकाळी साडेसातला बेल दाबली. ताईंच्या हाताला कणीक होती.

"सातपूरला नॅब आहे बघा."

"काका, ती अंधांसाठी आहे."

"मग माई लेले श्रवण विकास विद्यालय?"

"ते कर्णबधिरांचं. याला तर तिसऱ्या मजल्यावरचा कुकर ऐकू येतो."

मी घाईघाईने पान उलटलं. "प्रबोधिनी! रजनीताई लिमयांनी १९७७ साली..."

"हो, विशेष मुलांची शाळा. स्वतःच्या मुलामुळे सुरू केली त्यांनी."

आता मी कायद्यावर घसरलो. अपंगत्वाचे सात प्रकार मी पाठ करून आलो होतो. ताईंनी कणकेचा हात न धुताच दुरुस्ती केली: सात १९९५च्या कायद्यात होते, २०१६च्या कायद्यात एकवीस आहेत. त्या सातांत स्वमग्नता नव्हतीच. म्हणजे ज्या मुलासाठी आलो, तोच माझ्या यादीत नव्हता. 'निरामय'चा एक लाखापर्यंतचा आरोग्य विमा हा माझा हुकमाचा एक्का होता. तोही त्यांनी कधीच काढलेला.

मी चपला शोधू लागलो.

"काका, मोकळे आहात ना? आज याच्या अपंगत्व कार्डाच्या तपासणीला जायचंय. मी रांगेत असेन तेवढा वेळ याच्याजवळ बसाल?"

दवाखान्याच्या बाकावर चिरंजिवांनी आधी दोन्ही कान दाबून घेतले. मग माझी वही ओढली, कानाशी धरली आणि माझा अंगठा पानांच्या कडेवर ठेवला. मी पानं सोडली. फर्रर्र. त्याने कानावरचा दुसरा हात काढला. पुन्हा अंगठा जागेवर. फर्रर्र. मी थांबलो की तो निमूटपणे अंगठा उचलून परत कडेवर ठेवी. असे अडीच तास गेले. शेजारच्या आजोबांनी मला दोनदा विचारलं, "काय शोधताय एवढं?"

ताई कागद घेऊन आल्या तेव्हा माझा अंगठा वांग्यासारखा झाला होता.

"काका, ती वही मला द्याल?"

माझी छाती फुगली. "अहो, घ्या की! सगळे पत्ते अकारविल्हे लावलेत."

"पत्ते नकोत हो," ताई म्हणाल्या, "आवाज छान येतो तिचा."