बदलीवरचा इट

शिवडी नाक्यावरून आमच्या चाळीकडे वळलं की पहिल्या मजल्याच्या गॅलरीत टांगलेला एक काळा फळा दिसायचा. त्यावर बारा महिने तेच वाक्य असायचं. पुढचे-मागचे शब्द बदलायचे, मधला 'इट' मात्र जागचा हलायचा नाही. त्यामुळे त्या खोलीच्या मालकाचं खरं नाव पोस्टमन सोडला तर कुणाच्या तोंडी नव्हतं. पोरंटोरं, भाजीवाली, सगळी त्यांना इटमास्तर म्हणायची. काकी, म्हणजे त्यांची बायको, तेवढी म्हणायची, "मला वीट आलाय."

मास्तर मुळात मास्तर नव्हतेच. एका कापड गिरणीत हजेरी कारकून होते. कोण आला, कोण नाही, कोणाच्या जागी कोणता बदली घेतला, याची नोंद मस्टरात करण्यात त्यांची वीस वर्षं गेली. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, भोंगे थांबले, आणि मास्तर एक कोरं मस्टर काखेत मारून घरी आले. गिरणीची तेवढीच मालमत्ता त्यांनी लाटली. मग जुनी मॅट्रिक आणि जात्याच शुद्ध असलेलं इंग्रजी यांच्या जोरावर शिकवणी लावली. फी नाममात्र, तीही बहुतेक वेळा बोंबील किंवा कोकमांच्या रूपात.

त्या मस्टराच्या रकान्यांत मास्तर कामगारांऐवजी शब्द भरायचे. मी पहिल्याच दिवशी सापडलो.

"'मला पहाटे उठणं अवघड जातं.' इंग्रजीत सांग."

"आय फाइंड डिफिकल्ट टू गेट अप अर्ली."

मास्तरांनी डोळे मिटले. दात दुखणारा माणूस मिटतो तसे. "फाइंडचा साचा मोकळा धावतोय. साच्यावर माणूस कुठाय?"

ही चूक आपल्याकडच्या दहांतल्या आठ पोरांची. मराठीत 'उठणं' स्वतःच येऊन आपल्या जागेवर बसतं, म्हणून आपल्याला वाटतं इंग्रजीतही जागा भरलेलीच आहे. मास्तरांनी मस्टर उघडलं.

"फाइंड हा साचा, म्हणजे माग. सकाळी सातचा भोंगा झाला की त्याच्यावर माणूस लागतो. कायम कामगार कोण? 'टू गेट अप अर्ली'. पण त्याचं लटांबर एवढं मोठं की तो वेळेवर पोचायचा नाही. मग काय करायचं? गेटावर जे बदली ताटकळत असतात त्यांतला एक आत घ्यायचा. त्याचं नाव इट. त्याला अर्थ नाही, वजन नाही, पण साचा चालू राहतो. मग जॉबर येतो, डिफिकल्ट. तो शेरा मारतो. आणि सगळ्यांच्या मागून आपला कायमवाला, डबा हलवत. आय फाइंड इट डिफिकल्ट टू गेट अप अर्ली. मांड."

मी मांडलं. तेव्हापासून आजतागायत ती चूक माझ्या हातून झालेली नाही. चूक होऊ नये म्हणून एवढी मोठी गिरणी डोक्यात वागवावी लागते, ही गोष्ट वेगळी.

बारकावे पुढे येत गेले. मेक इट क्लिअर दॅट अमुक-अमुक. "मागून 'दॅट' आला की ओळखावं, कायमवाला गावाहून अख्खं कुटुंब घेऊन आलाय." आय फाइंड गेटिंग अप अर्ली डिफिकल्ट. "इंगवाला शिस्तीचा. भोंग्याआधी हजर, म्हणून बदलीला घरी पाठवला." आणि आय फाउंड इट ब्रोकन? इथे आम्ही सगळे जोरात ओरडायचो, "बदली!" मास्तर काकींची मोडकी छत्री उचलून आमच्यापुढे नाचवायचे. "अरे, इट म्हणजे ही! ह्याच्या नावाचं तिकीट आहे. हा बदली कसा? आधी विचारा, काय सापडलं? ज्या इटकडे बोट दाखवता येतं तो कायम."

एवढी स्वच्छ फोड मला पुढे कॉलेजातही कुणी करून दिली नाही. मास्तरांचा आधार म्हणजे फाउंटनच्या फूटपाथवरून आणलेलं हॉर्नबीचं १९५४ सालचं पुस्तक. इंग्रजी क्रियापदांचे पंचवीस पॅटर्न त्याने मांडले होते. मास्तरांनी पॅटर्नला सरळ 'साचा' म्हटलं आणि आयुष्यभर एकाच खात्यात काम केल्याचं समाधान मिळवलं. "हा हॉर्नबी जपानात शिकवायला होता," ते सांगायचे. "विलायतेत राहिला असता तर त्याला इट दिसला नसता. घरचा बदली घरच्यांना दिसत नाही." हॉर्नबी खरोखरच जपानात शिकवत होता, आणि त्याचा प्रसिद्ध शब्दकोश पहिल्यांदा छापला गेला तोही तिथेच, १९४२ साली. निष्कर्ष मात्र मास्तरांचा.

मराठीचा त्यांना दांडगा अभिमान. पावसाळ्यात हार्बर लाइन बंद पडली, चाळीच्या जिन्यात घोटाभर पाणी आलं की ते गॅलरीत उभे राहून म्हणायचे, "बघा, इंग्रज पाऊस पाडायलासुद्धा बदली लावतो. इट इज रेनिंग! अरे, कोण पडतोय?" आणि मग मोरो केशव दामल्यांचं १९११ चं व्याकरण निघायचं. मराठीत भावकर्तृक क्रियापदं आहेत. उजाडलं, सांजावलं, गडगडतंय. तिथे कर्ता नाही, कर्म नाही, बदलीही नाही. "मोकळा साचा, आणि तरी कापड निघतं!"

एकदा काकी तोंडाला पदर लावून म्हणाल्या, "अहो, मळमळतंय."

मास्तर खूश झाले. आमच्याकडे वळून म्हणाले, "ऐकलंत? आता सांगा, यात कर्ता कोण?"

"तुम्ही," काकी म्हणाल्या. "काल रात्री कोणी आणली ती भजी?"

थंडीत कच्छकडून रोहित पक्षी शिवडीच्या खाडीतल्या चिखलात उतरायचे. मास्तर आम्हाला जेट्टीवर न्यायचे ते पक्षी दाखवायला, असं आमच्या आयांना वाटे. खरं तर एका पायावर उभा असलेला पक्षी दाखवून ते विचारायचे, "दुसरा पाय कुठाय?" आणि स्वतःच उत्तर द्यायचे, "गैरहजर. पण जागा राखून आहे."

म्हातारपणी त्यांना जाहिरातींनी छळलं. दारूच्या, म्हणजे कायद्याने सोड्याच्या, एका फलकावर 'मेक इट लार्ज' वाचून ते नाक्यावर दहा मिनिटं उभे राहिले होते. मोठं करायचं ठीक, पण काय?

मग चाळीच्या पुनर्विकासाची सभा झाली. तोवर तिकडे अटल सेतू उभा राहिला होता, २०२४ च्या जानेवारीत सुरूही झाला होता, आणि शिवडीच्या जागेला एकाएकी सोन्याचा भाव आला होता. बिल्डरचा माणूस टाय लावून आला. भिंतीवर चित्रं दाखवली. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाला, "वी विल मेक इट पॉसिबल."

टाळ्या पडणार एवढ्यात मागून आवाज आला. "हा बदली झाला. कायमवाला कोण?"

"सॉरी, अंकल?"

"इटच्या मागून 'टू' यायला हवा. टू गिव्ह? की टू डिमॉलिश? मेक इट पॉसिबल टू काय?"

"एव्हरीथिंग, अंकल."

"एव्हरीथिंग हे क्रियापद नाही."

सभा हसली. माणूसही हसला. म्हणाला, "अंकल, टेक इट ईझी." आणि पुढचं चित्र लावलं. आमच्यापैकी कुणीच मास्तरांचा प्रश्न पुन्हा विचारला नाही. खरं तर सभेत तोच एक कामाचा प्रश्न होता.

मी त्यांना हाताला धरून वर घेऊन आलो. मास्तरांनी कपाटातून मस्टर काढलं. पानं पिवळी पडलेली. एका पानावर आधीच ओळी होत्या, टेक इट ईझी, प्ले इट सेफ, मेक इट लार्ज. बदलीच्या रकान्यात सगळीकडे इट. कायमच्या रकान्यात काहीच नाही. पेन्सिलीने त्यांनी खाली आजची ओळ भरली.

"मास्तर, हे इट कायम कधी झाले?"

"झाले नाहीत. बदलीवरच आहेत."

"मग ह्यांचा कायमवाला?"

"संपावर."

"अजून?"

"मागे कुठे घेतलाय संप?" त्यांनी चष्मा काढून पुसला. "रीतसर मागे घेतल्याचं पत्रक तू पाहिलंस?"

मी पाहिलं नव्हतं. कुणीच पाहिलेलं नाही, कारण तसं निघालंच नाही.

आतून काकींचा आवाज आला. "अहो, सांजावलं."

मास्तरांनी तोंड उघडलं, मग मिटलं, आणि भिंतीला धरून दिव्याचं बटण दाबायला उठले.